हिरवा आधी, लवंग मागून

आमच्या शिवणकारखान्यातलं सगळ्यात किमती यंत्र कोणतं, असं कुणी विचारलं असतं तर मी मावशीच्या नाकाकडे बोट दाखवलं असतं. ती दारालगतच्या मशीनवर कॉलरी शिवायची, मी पलीकडे इस्त्री फिरवायचो. माझे हात गुंतलेले, कान मोकळे. त्यामुळे कुणाच्या घरात काय चाललंय हे मला त्या घरातल्यांच्या आधी कळायचं.

मावशी जात्याच घाबरट. पाठीमागे कात्री पडली तरी छातीवर हात ठेवायची. अशा बाईच्या गळ्यात पहारा पडला तो भाचीमुळे. भाचीचं तान्हं बाळ सांभाळायला घरी कुणी नव्हतं, म्हणून ते तिच्या कटिंगच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या टोपलीत झोपायचं. आणि सुपरवायझरचा हुकूम होता: खोलीत मूल दिसलं की आई बाहेर. एकीला त्यानं तसं काढलंही होतं, अर्धी बाही सुईखाली अडकलेली असताना.

हा सुपरवायझर म्हणजे लवंग्या. नाव अर्थातच बायकांनी ठेवलेलं. बुटांना रबरी तळवे, आला-गेला कळायचा नाही. पण गडी सेंटाचा षौकीन, तेही बापाच्या जमान्यातलं. मावशीनं तो वास पाठ केला होता. आधी यायचा हिरवा; कोवळा देठ नखानं चिरावा तसा ओला, कडवट. हा लवंग्याच्या पुढे पुढे धावायचा. मागून लवंग आणि मिरी, नाकात झोंबणारी. दिवस कलला की उरायचं नुसतं शेवाळलेलं लाकूड.

“हिरवा आला म्हणजे तो जिन्यात आहे,” ती भाचीला बजावायची, “लवंग आली की मान वर करायची नाही.”

हिरवा आला की मावशी मोठ्यानं विचारायची, “पांढरा दोरा आहे का गं कुणाकडे?” की टोपलीवर कापड पडायचं. साहेबाला वाटायचं, ही बाई दोरा खाते की काय!

मग एका हिवाळ्यात हिरवा यायचाच बंद झाला. लवंग यायची, तीही साहेब दारात उभा राहिल्यावर. भाचीचा हात कापडापर्यंत जेमतेम पोचायचा.

“बाबा रे, तू केबिनमध्ये जातोस. त्याची बाटली बघितलीस का?” मावशीनं मला विचारलं.

“बघितली की. पेल्यात उलटी घालून ठेवलीय, थेंब निथळतायत. कंपनीनं ते बनवणं सोडलंय म्हणे. नवं काढलंय ते सरबतासारखं गोड, म्हणून त्यानं फेकून दिलं.”

“मग आता?”

“आता नुसता आंघोळ करून येईल, तुमच्याआमच्यासारखा.”

मी हसलो. ती हसली नाही. “बिनवासाचा आला तर मला कळायचं कसं रे? पोरीला काढेल तो.”

सुट्टीच्या दिवशी तिनं सगळी दुकानं पालथी घातली. अखेर एका म्हाताऱ्या न्हाव्याकडे, आरशामागे, धुळीनं माखलेली एक बाटली निघाली. मावशीनं बूच उघडून हुंगलं आणि सवयीनं मागे वळून दाराकडे पाहिलं. नाकात हिरवा शिरला होता.

“पुरुषाचं आहे हो ते,” न्हावी म्हणाला.

“पुरुषासाठीच हवंय,” ही म्हणाली. नवऱ्याला जाऊन किती वर्षं झालेली! झालं, आमच्या बायकांना आठवडाभराची चंगळ. “मावशी, साखरपुडा कधी?”

थट्टा ऐकायलाही ती थाऱ्यावर नव्हती. तिनं बाटली साहेबाच्या टेबलावर ठेवली. “घरात पडून होती. आमच्या ह्यांची.”

लवंग्याचे दात आम्ही त्या दिवशी प्रथम पाहिले. बाटली हातात घेऊनच तो खोलीत आला. तळव्यावर ओतून गालांवर चापट्या, मानेवर, बाह्यांवर; रुमाल भिजवून झटकला. झटकता झटकता नेमका कटिंगच्या टेबलाशी उभा राहिला.

टेबलाखाली बाळ शिंकलं.

मशिनी थांबल्या. भाचीच्या ओठांचा रंग उडाला. तेवढ्यात मावशी शिंकली, पुन्हा शिंकली, आणि अशी शिंकत सुटली की चष्मा घरंगळून कॉलरींच्या ढिगात पडला.

लवंग्या वळला. “काय झालं?”

“स... सर्दी, साहेब.”

“सर्दी कसली! हा वास सोसत नाही तुम्हाला. आणि तरी माझ्यासाठी आणलीत?” त्याचा आवाज चक्क मऊ झाला होता. “इथं दारात मी येता-जाता तुम्हाला त्रास. मशीन तिकडे कोपऱ्यात घ्या, खिडकीखाली.”

“नको साहेब, मला इथंच बरं वाटतं.”

“ऐका माझं. अरे इस्त्रीवाल्या, उचल मशीन.”

उचललं. साहेबाला नाही कोण म्हणणार? खिडकीखालच्या भिंतीकडे मशीनचं तोंड. तो गेल्यावर मावशीनं भाचीला खूण केली आणि टोपली आपल्या पायांआड ओढून घेतली. खोलीभर तो वास कोंडला होता. कापडाला, भिंतींना, माझ्या वाफेलाही. साहेब जिन्यात आहे की पाठीशी, नाकाला आता काहीच उमगत नव्हतं. दाराकडे पाठ करून मावशी शिवत होती, दर चार टाक्यांनी मान वळवत, आणि सुईखालची कॉलर वाकडी चालली होती.