उजेड रेघेवर येईपर्यंत

रहाटणीच्या सोपानरावांनी गेलेल्या जमिनीच्या पैशातून बंगला बांधला नाही की भावकीशी कोर्टकज्जा केला नाही. जुनी ॲम्बॅसिडर घेतली. "बैल इकून डबा आणला," म्हणून गावाने तोंडसुख घेतलं. पुढे लग्नाला, दवाखान्याला आणि पिंपरीच्या कंपन्यांतून रात्रपाळी करून परतायला तेच गाव त्याच डब्यासाठी दारात उभं राहू लागलं. गावाचं काय, गरज पडली की डब्याचाही रथ होतो.

सोपानराव माणूस घुमा. पोरबाळ नव्हतं. दिवसा भाडं, रात्री भाडं, आणि मध्ये घरी आले तर ताटाकडे बघत जेवायचे. बायकोशी, म्हणजे कस्तुराशी, त्यांचं बोलणं व्हायचं ते दिवे तपासायच्या संध्याकाळी.

त्या काळचे रस्ते असे, की महिन्या-दोन महिन्यांत गाडीचे दिवे जागचे हलायचे. उजेड वर गेला तर समोरच्याच्या डोळ्यांत जातो, खाली गेला तर आपल्यालाच रस्ता दिसत नाही. आणि तो तपासायचा तर चालवणाऱ्याच्या जागी कुणीतरी बसलेलं लागतं, कारण माणूस बसला की गाडी दबते आणि उजेड उतरतो. या गाडीच्या तर स्प्रिंगाही थकलेल्या. गाडी आणली तेव्हा गॅरेजवाल्याने दिवे चोख लावून दिले होते. घरी येताच सोपानरावांनी गोठ्याच्या पांढऱ्या भिंतीसमोर एका दगडाला चाक टेकवून गाडी उभी केली, कस्तुराला आत बसवलं आणि उजेड पडला तिथे गेरूची रेघ ओढली. तेव्हापासून घरचा कायदा ठरला: कस्तुरा बसली की उजेड रेघेवर हवा.

दिवेलागणीला ती डोक्यावरचा पदर सारखा करून स्टिअरिंगमागे बसायची. सोपानराव पुढे उकिडवे, हातात डिसमिस, दिव्याचा स्क्रू पिळत. ती त्यांच्या टकलाशी बोलत राहायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेने वेगळी चूल मांडली.

"अवं, ऐकताय का नुसतं पिळताय?"

"ऐकतोय की."

ऐकत नव्हते, पण तो आवाज त्यांना हवा असायचा. एवढं तरी त्यांनी तिला सांगायला हवं होतं.

मागच्या थंडीत उजेड रेघेच्या वर चढला. मागच्या स्प्रिंगा बसल्या असं धरून सोपानरावांनी त्यांचा उद्धार केला आणि स्क्रू पिळून उजेड खाली आणला. पुढच्या खेपेला पुन्हा वर. पुन्हा शिव्या, पुन्हा स्क्रू. त्यानंतर थोड्याच दिवसांत कस्तुराला दवाखान्यात न्यावं लागलं. "फार उशीर केलात," डॉक्टर म्हणाले. ती परत आली नाही.

घर एकदम मोठं झालं. चूल पेटवावी तर एका भाकरीसाठी कशाला, म्हणून सोपानराव भाड्यावर जास्तच जाऊ लागले. आणि रात्रीचा रस्ता त्यांना तोकडा दिसू लागला. उजेड बोनेटच्या पुढे पडतो न पडतो तोच संपायचा. रडून डोळे बिघडले असतील, असं त्यांना वाटलं. चाकणच्या रस्त्यावर एक बैलगाडी अगदी तोंडाशी आल्यावर दिसली. ब्रेक लागला म्हणून निभावलं, पण गिऱ्हाईक तिथेच उतरून चालू लागलं.

शेजारच्या चिमाजीच्या कानावर ते गेलं. "सोपानराव, दिवं बघा आधी. मी बसतो की आत. न्हाईतर इकून टाका ती गाडी."

गाडी विकली तर रात्रभर त्या घरात बसायचं कसं? आणि त्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं त्यांना बघवणार नव्हतं.

"नगं. माझं मी बघतो," ते म्हणाले.

एकदा वखारीतल्या मोठ्या तागडीत कस्तुरा गंमत म्हणून उभी राहिली होती. समोर बाजरीचं अर्धं पोतं ठेवल्यावर पारडी सारखी झाली होती. सोपानरावांनी तसंच अर्धं पोतं भरलं, सीटवर नीट बसवलं आणि दिवे लावले.

उजेड रेघेच्या बराच खाली पडला. म्हणजे डोळे ठीक होते, दिवेच उतरले होते. चला, रोग सापडला. त्यांनी डिसमिस स्क्रूच्या खाचेत घातला. पिळला की झालं, गाडी आज रात्रीही रस्त्यावर.

हात थांबला. हा स्क्रू खाली पिळला कुणी? त्यांनीच. त्या दिवशी ती आत होती आणि उजेड बरोबर रेघेवर होता. स्क्रू तोच, स्प्रिंगा त्याच, दगडही तोच.

ते उठले. पोत्याचं तोंड सोडलं, अधोलीच्या मापाने बाजरी काढून टोपल्यात ओतली आणि भिंतीकडे पाहिलं. उजेड जरासा चढला. आणखी एक अधोली. टोपलं भरलं तेव्हा घरातून दुसरं आणलं. थांबावं असं वाटत होतं, पण थांबवेना. उजेड रेघेला लागला तेव्हा पोत्यात काय उरलंय ते पाहायला त्यांनी ते उचललं. शाळकरी पोराएवढं वजन होतं.

स्प्रिंगांनी काहीच केलं नव्हतं. खेपेगणिक कस्तुराच वजनाने उतरत चालली होती, आणि दर खेपेला त्यांनी स्क्रू पिळून ते बरोबर करून टाकलं होतं.

पोतं मांडीवर घेऊन ते तिथेच बसले. "सांगायचंस तरी," असं तोंडातून निघालं आणि मागच्या थंडीतली ती संध्याकाळ आठवली. काचेमागून ती म्हणाली होती, "हल्ली जेवान जात न्हाई मला."

आणि भिंतीवरची नजर न काढता ते म्हणाले होते, "जरा सरळ बस."