हेला छाप

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा मुर्रीला एका शेडमध्ये एनर्जी ड्रिंक बनवतो, आणि त्या ड्रिंकचा मला पहिल्या दिवसापासून संशय होता. संशय घेणं हा माझा स्वभावच आहे, हे आधी सांगून टाकते. माठ घेताना मी तो सगळ्या बाजूंनी वाजवते, दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघते. पण हे प्रकरण माठाचं नव्हतं. माझा नवरा राइस मिलच्या तांदळाचा ट्रक चालवतो, आणि तो त्या बाटल्यांच्या जोरावर रात्र-रात्र हायवेवर असायचा.

बाटली लाल, आणि तिच्यावर शिंगं रोखून धावणारा हेला, म्हणजे आमच्याकडचा रेडा. वर इंग्रजीत झोकदार नावही छापलं होतं, पण ते कोणी घेत नसे. सडक अर्जुनीच्या ढाब्यावर ड्रायव्हर सरळ म्हणत, "भैया, एक हेला देना." माझा नवरा तर प्रत्येक खेपेला सीटमागे अख्खा बॉक्स ठेवी. "हेला पेलो का डोळा लागत नाई," असं कौतुकाने सांगे. घरी आला की मात्र त्याचे हात कापत. चहाची बशी हातात वाजे. जरा पाठ टेकतो न टेकतो तोच मिलचा फोन येई, आणि हेला आहे म्हणून तो कुठल्याच खेपेला नाही म्हणत नसे. बाटलीत कसली तरी गोळी कुटून टाकत असणार, एक दिवस याचं काळीज स्टिअरिंगवरच बंद पडणार, असं मला वाटे. मला खरंच भीती वाटत होती.

संशयाला कारणंही होती. एक म्हणजे, जवाई, म्हणजे हाच बहिणीचा नवरा, स्वतः ते कधीच पीत नसे. आमच्या घरी कुडव्याला आला की म्हणे, "ताई, ताक असन तं द्या." एकदा मी स्कूटी काढून न सांगता शेडवर गेले, तर भर दुपारी दार आतून बंद. त्याने फटीएवढं उघडलं आणि म्हणाला, "आत नका येऊ ताई, फरशी ओली हाय." मागे निळे ड्रम दिसत होते आणि सरबतासारखा वास येत होता. बहिणीला विचारलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मले काई माहीत नाई. त्याईलेच विचार." माझ्या हाताखाली वाढलेली पोरगी माझ्या नजरेला नजर देईना, तेव्हाच मी ओळखलं की पाणी मुरतंय.

मग मी अंगणात बशीभर हेला ओतून ठेवला. मुंग्या आल्या, पोटभर प्यायल्या आणि आल्या तशाच रांगेने निघून गेल्या. एकही धावली नाही.

नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. "तुले तं देवळातला देव बी नकली वाटते," म्हणून तो हसायचा. आणि जवायाला तोंडावर विचारणार कसं? आईबाप गेल्यावर बहिणीचं लग्न आम्हीच लावून दिलं. नात्याने तो मेहुणा, पण मान जवायाचा. ज्याचे पाय धुवायचे त्यालाच, आम्हाला विष पाजता का, असं विचारायचं, हे आमच्यात बसत नाही.

तेवढ्यात धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जवायाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, आणि सासुरवाडीने वाढलेलं त्याने ताटात टाकायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी मनाशी म्हटलं, आता सापडलास.

जवाई पाटावर बसला. मी धोंडे वाढले, वरून तूप सोडलं, आणि पाण्याच्या तांब्याऐवजी त्याच्यासमोर लाल बाटली उघडून पेला भरला. बहीण घास घेता घेता थांबली. जवायाने पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काऊन ताई, हे कायले?"

"घरचंच हाय," मी म्हटलं. "धोंड्याचं नाई म्हणू नये."

तो प्यायला. मी पुन्हा भरला, तो पुन्हा प्यायला. मी आग्रह सोडला नाही, त्याने रीत मोडली नाही. मग हात धुऊन तो कूलरसमोरच्या पलंगावर टेकला, आणि मी समोर बसले, त्याचे हात कधी कापतात ते बघायला.

तो घोरायला लागला.

ढाराढूर. माझा नवरा ज्याच्यावर अख्खा हायवे पार करायचा, ते इतकं पोटात रिचवून हा माणूस तोंड उघडं टाकून झोपला होता. उठला तेव्हा चहा देता देता मी विचारलंच, "खरं सांगा, त्यात टाकता काय?"

जवाई लाजला. "काईच नाई जी. साखर, लिंबाचं सत, रंग, थोडा वास. चहाची पत्ती बी नाई. दुसरे लोक गोळ्या टाकतेत म्हणते, मी कोणाच्या जीवाशी खेळलो नाई. पण लोकाईले समजलं तं कोण घेईन? म्हणून दार लावतो."

"आणि स्वतः काऊन नाई पेत?"

"दिवसभर तेच ढवळून राहिलो. वास नको वाटते."

तो खरं बोलत होता, आणि वर त्याला त्याचा अभिमान होता. बहिणीने मान खाली घातली. मी आयुष्यभर वस्तूंत काय मिसळलंय तेच शोधत आले. काहीच मिसळलेलं नाही, याची भीती वाटायची मला सवय नव्हती.

संध्याकाळी नवरा निघायच्या तयारीत होता. बॉक्स दाराशी, चावी हातात. मी त्याला सगळं सांगितलं. तो नेहमीसारखा हसेल असं वाटलं, आणि तो हसलाही, पण अर्ध्यावरच थांबला. उंबरठ्यावर बसला.

"नुसतं सरबत?"

"नुसतं सरबत."

त्याने बॉक्समधली एक बाटली काढली आणि तिच्यावरच्या हेल्यावर अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाला, "मागच्या खेपेले सडक अर्जुनी कवा गेली, मले आठवतच नाई. एकदम पुढची साकोलीच दिसली, मधला रस्ताच गायब. त्याच्या आंधीच्या खेपेले बी तसंच झालतं. मले वाटे, हेला जागा ठेवून राहिला."

आत मिलचा फोन वाजत होता. मी त्याच्या मुठीतली चावी ओढली, आणि त्याने ती सोडली.