बाल्कनीतून पाहिलेली पोपटी

मंडळी, न्यू जर्सीतला बर्फ, पुण्यातला हुरडा, तुमच्या सगळ्या मेल आत्ताच सायबर कॅफेत बसून वाचल्या. आता वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी आमच्या पनवेलमध्ये काय झालं ते ऐका.

दुपारी मी कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेले. सासूबाईंनी सवयीने आतून कडी लावली आणि झोपल्या. त्यांना ऐकू कमी येतं. दार बडवून हात दुखले.

खाली शेतात पोपटी लावलेली. वालाच्या शेंगांचं मडकं, भोवती जाळ, टेपवर गाणी. मी दोन्ही हात हलवून ओरडले. शेतवाल्या हिराबाईंनीही हात हलवले, "या ना वयनी खाली!"

मी येईना म्हणून हिराबाईच शेंगांचं ताट घेऊन वर आल्या. बेल वाजली. पुन्हा वाजली. एव्हाना माझा आवाज पार बसला होता.

खाली जाऊन त्या सगळ्यांना सांगत होत्या, "घरात हाय, पन दार नाय उघडत." वर कुणी पाहिलंच नाही.

सासूबाई उठल्या, कडी काढली. "थंडीत बाहेर काय बसलीस? चहा टाक."

दाराबाहेर शेंगांचं ताट गार पडलं होतं. ते रिकामं परत करायचं नसतं. सांगा, त्यात काय घालून नेऊ, म्हणजे त्या मला दार उघडतील?