आबांनी न विचारलेलं मत

आबा गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, तेव्हा धावत आलेला पहिला माणूस माझा भाऊ होता. दादा दारातच असा रडायला लागला, की त्याला आवरता आवरता माझं रडणं राहूनच गेलं. आबा माझे सासरे. आणि आमच्या दूध संस्थेच्या राजकारणात दादाचे कायमचे विरोधक.

माहेर-सासर एकाच गावात असलं की निवडणुकीत बाईचे काय हाल होतात, ते कागलकडच्या बायकांना सांगायला नको. महिलांच्या राखीव जागेवर मी आबांच्या गटातून संचालक झाले. मग चेअरमन निवडायची वेळ आली आणि आबांच्या विरोधात उभा राहिला दादाच. दोन्हीकडं बळ जवळपास सारखं, मतदान गुप्त… सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. आदल्या दिवशी गट आमच्या सोप्यात जमला. कुणी फुटू नये म्हणून देवाचा भंडारा उचलून शपथ घ्यायची आमच्याकडं रीत आहे. एकेकानं भंडारा उचलला. ताट माझ्यापुढं आलं तसा आबांनी हात आडवा धरला.

"सुनंनं उचलायचा न्हाय."

"आबा, तिचाच तर भरवसा न्हाय की," एकजण फटकन बोलला.

"नसू दे. शपथ घालून तिला भावाच्या दारात परकी करू व्हय? न्हाय मिळाली खुर्ची तर न्हाय."

आबा एका मतानं पडले. दादाची गुलालाची मिरवणूक दारावरून जाताना गटातली माणसं माझ्याकडं खाऊ की गिळू असं बघत होती. आबांनी मला हाक मारली. "भावाला ओवाळ जा. वाट बघतोय त्यो." पुढं कित्येक वर्षं 'सुनेनं बुडवलं' हे त्यांनी पारावर ऐकून घेतलं, पण घरात मला एका शब्दानं विचारलं नाही. दादाला मात्र बहिणीचं केवढं कौतुक. संस्थेतून परतताना तो रोज आमच्याकडं चहाला थांबायला लागला, आणि गप्पा मारायचा त्या आबांशीच.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात मला राहवेना. म्हटलं, "आबा, माझं मत तुमालाच हुतं."

"ठाऊक हाय की." ते हसले. "भंडारा उचललेलाच एक फुटला. दुसऱ्या दिवशी त्याचं त्वांड बघूनच कळलं."

"मग कधी बोलला का न्हाईसा?"

"बोललो असतो तर तुझा भाऊ आपल्या दारात आला असता व्हय?… त्याला वाटू दे, भणीनं निवडून आणलं."

असा सासरा मला मिळाला, याचं ऋण मी कशानं फेडू… गटातली माणसं त्यांना अजून भोळा म्हणतात, ते मला सोसत नाही, म्हणून हे लिहिलं. आबांनी छापू दिलं नसतं. दादा अजूनही रोज चहाला येतो. हे छापलेली पेपरची पुरवणी आली की त्याच्या हातात मीच देईन, आणि चहा झाल्याशिवाय त्याला उठू देणार नाही.