रिकाम्या बाकावरची माणसं

कंडक्टरकाका निवृत्त झाले, तरी रिकामी सीट दिसली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. उभा जन्म "चला, पुढे सरका, जागा आहे!" असं ओरडण्यात गेलेला. बायकोची नजर गेली, तेव्हा ते तिला कॅलेंडरवरची चित्रं सांगायला लागले. चित्रात नदीवर नुसती होडी असली, तरी हे गृहस्थ तीत माणसं कोंबायचे: एक लठ्ठ शिंपी, त्याची भांडकुदळ मेहुणी, मांडीवर पेंगणारं पोर. काकू हसून हसून बेजार व्हायच्या आणि विचारायच्या, "मग?" तेवढ्या एका शब्दावर काका तासभर थापा मारत.

काकू गेल्या. कॅलेंडरची पानं उलटायची राहिली. घरात भांडं पडलं तरी "काय पडलं?" म्हणायला कोणी नाही. काकांना फार एकटं वाटायचं, खोटं कशाला बोला. संग्रहालयात चित्र बघून लिहायचा वर्ग सुरू झाला, तशी ते तिथे जाऊ लागले. लेखक होण्याची हौस नव्हती. कोणीतरी एकदा "मग?" म्हणावं, एवढीच आस.

पहिलंच चित्र बागेतल्या बाकाचं. काकांनी झरझर लिहिलं आणि मागच्या सीटपर्यंत पोचेल अशा आवाजात वाचलं. बाकावर तिघे बसवले, चौथ्यासाठी त्यांना सरकायला लावलं. वर्ग खो खो हसला. "मग?" मात्र कोणी म्हटलं नाही.

शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, मजा आली. पण चित्रात तर कोणीच नाहीये. तुम्ही बाकाकडे बघितलंत तरी का?"

काकांचं डोकं फिरलं. सगळे चहाला गेले, तरी ते चित्रापुढे पुटपुटत उभे राहिले. बाकावर ऊन पडलं होतं. एका कडेची फळी बसून बसून गुळगुळीत झालेली. तिथे कोणीतरी रोज बसायचं आणि आता बसत नव्हतं. घरी काकूंच्या खुर्चीवर काकांनी वाळलेल्या कपड्यांचा ढीग टाकला होता, ती रिकामी दिसू नये म्हणून.

लोक परतल्यावर त्यांनी पुन्हा वाचलं, या वेळी हळू. "बाक रिकामं आहे. एका कडेला फळी झिजलीय." आणि थांबले.

"मग?" बाईंनी विचारलं.

ज्याच्यासाठी आले होते, तोच शब्द. काकांनी तोंड उघडलं. शिंपी, मेहुणी, पोर, सगळे चढायला तयार होते. त्यांनी कोणालाच घेतलं नाही.

"मग काही नाही, बाई," ते म्हणाले. "ती उतरली."