तिकीट काढून भ्यायची ठिकाणं

रायपुरात पाहण्यासारखं काय आहे, हा प्रश्न मला ज्या माणसानं पहिल्यांदा गांभीर्यानं विचारला, तो मला पाहायला आला होता. तलाव, मंदिरं, जंगल यांत त्याला रस नव्हता. त्याला भयाण काहीतरी हवं होतं.

मुलगा नागपूरचा, नोकरी हैदराबादला. आठवडाभर संगणकासमोर बसायचं आणि सुट्टीच्या दिवशी पडक्या इस्पितळांत, जुन्या तुरुंगांच्या फाशीघरात किंवा जिथून माणसं उडी मारतात अशा कड्यांवर जाऊन चित्रफिती काढायच्या, हा त्याचा छंद. अशा पर्यटनाला एक भारदस्त इंग्रजी नाव आहे आणि फोनवर ते तो दर दोन वाक्यांनी घेत असे. "मला मृत्यूची भीती वाटत नाही," तो एकदा म्हणाला होता. "उलट मृत्यूइतकं इंटरेस्टिंग दुसरं काहीच नाही."

हे वाक्य पोरकट आहे हे मला तेव्हाही कळलं होतं. तरीही मी त्याला भेटायला तयार झाले, आणि त्याचं कारण माझ्या कामात आहे. मी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत विषतज्ज्ञ आहे. शवविच्छेदनानंतर जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात बुडवून, बरणीवर लाखेचं सील करून आमच्याकडे येतात. त्यांत विष आहे का, असल्यास कोणतं, हे मी शोधते. हे काम मी उत्तम करते आणि काही वर्षांत तो विभाग चालवण्याचा माझा इरादा आहे. लग्न करायला माझी हरकत नव्हती. फक्त त्यासाठी हे काम सोडायला मी तयार नव्हते. आधीची दोन स्थळं मी काय करते हे कळताच मागे फिरली होती. अमरावतीकडच्या एका बाईंनी तर "मुलगी प्रेतांत हात घालते" असं मध्यस्थाला स्पष्ट कळवलं होतं. त्यामुळे मृत्यू ज्याला इंटरेस्टिंग वाटतो असा पुरुष कदाचित माझ्या हातांकडे पाहून दचकणार नाही, अशी मला आशा होती. मी त्या आशेला गृहीतक म्हणत होते, इतकंच.

आईला मात्र कोणताही प्रयोग मान्य नव्हता.

"लॅबमंदी आहे, एवढंच सांगाचं," तिनं बजावलं. "कोनती लॅब, काय लॅब, ते काहून सांगाचं?"

"मग ते समजतील, शुगर तपासते म्हणून."

"समजू दे ना. शुगर काय वाईट आहे?"

रेल्वेतून निवृत्त झालेले बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "पोट्टीले काहून खोटं बोलाले लावून राहिली तू?"

"खोटं कुठं? लॅब नाही का ते?"

तर्काच्या दृष्टीनं ती निर्दोष होती. शिवाय तिनं माझ्या हाती सांबारवड्यांचा मोठा डबा दिला आणि सांगितलं, "तूच केल्या म्हणजो." विदर्भाबाहेर कोथिंबिरीला सांबार म्हणत नाहीत, हे आमच्या घरात कुणी मानत नाही, आणि या वड्या ज्याला आवडत नाहीत तो माणूस म्हणून मोजला जात नाही. आईच्या वड्या नातेवाइकांत प्रसिद्ध आहेत. मला त्या करता येत नाहीत.

मी रजा टाकली, बाबांची गाडी घेतली आणि त्या दिवसाची आखणी एखाद्या चाचणीसारखी केली. आधी संपूर्ण खोटं, मग थोडं खरं, मग पूर्ण खरं, आणि शेवटी मी. सिलतऱ्यातला एक बंद पडलेला लोखंडाचा कारखाना त्याच्या यादीत होता. तो मी वगळला, कारण तिथली काळी धूळ शर्टावरून निघत नाही आणि त्यानं पांढरा शर्ट घातला होता.

सुरुवात एका मॉलमधल्या भूत बंगल्यापासून झाली. सकाळची वेळ, तिकिटाची रांग, वातानुकूलित अंधार. आत एक प्लॅस्टिकचा सांगाडा हिरव्या दिव्याखाली हात हलवत होता. त्याच्या कमरेची हाडं स्त्रीची होती, हसणं पुरुषाचं होतं आणि डाव्या मांडीचं हाड उजवीकडे बसवलं होतं. मुलगा ओरडला, मग स्वतःच्या ओरडण्यावर खूश झाला आणि तो प्रसंग पुन्हा टिपता यावा म्हणून मागे जाऊन परत ओरडला.

"काय ॲटमॉस्फिअर आहे!"

"त्याच्या मांड्या उलट्या लावल्यात."

"तुम्ही बायोलॉजीवाले ना, मूड घालवता."

"केमिस्ट्री," मी म्हटलं.

बाहेर पडण्याच्या दारातच मक्याच्या लाह्या विकायला ठेवल्या होत्या. या संपूर्ण उद्योगाचं मर्म त्या दारात आहे. लोक भीतीचे पैसे देत नाहीत. दार ठरलेल्या जागी आहे आणि बाहेर खायला मिळणार आहे, या खात्रीचे पैसे देतात. ही खात्री काढून घ्या, मग किती जण रांगेत उभे राहतात ते पाहा.

गाडीत त्यानं डबा उघडला. "वा! तुम्ही केल्या?"

"आवडल्या का?" मी उत्तर टाळून विचारलं. तो एकापाठोपाठ एक खात राहिला. त्याची आई अशा करत नाही, म्हणाला. हे ऐकून मला बरं वाटलं, आणि पुढचं सगळं लक्षात घेता ते नमूद करणं मला आवश्यक वाटतं.

दुसरं ठिकाण गुढियारीतलं गोदाम. पोत्यांच्या थप्पीखाली चिरडून मेलेला एक हमाल तिथे फिरतो, अशी इंटरनेटवर ख्याती आहे. गोदामासमोर चहा विकणाऱ्या बाईला त्यानं कॅमेरा रोखून विचारलं, "दीदी, यहाँ भूत है क्या?"

"हव, हे न," ती किटलीतली धार न थांबवता म्हणाली. "फेर दिन में नइ मिलय. दिन में उहाँ हमाल मन सुतथें."

भूत आहे, पण दिवसा भेटत नाही, दिवसा तिथे हमाल झोपतात, हा तिच्या बोलण्याचा सरळ अर्थ त्याला समजला नाही आणि मी सांगितला नाही. तो दबक्या पावलांनी आत गेला. कोपऱ्यातलं एक पोतं हललं, त्याखालून एक माणूस उठून बसला आणि झोपाळू आवाजात म्हणाला, "क्या हुआ भैया? पानी चाहिए?" मुलगा ज्या वेगानं बाहेर आला त्या वेगाचं वर्णन करण्यासाठी माझ्याजवळ योग्य उपकरण नव्हतं. चहावाली मात्र इतकी हसली की तिला किटली खाली ठेवावी लागली. "देखिस का? मिलिस का?" तिनं विचारलं. त्यानं कॅमेऱ्याकडे पाहून गंभीरपणे सांगितलं की आत एक थंड लहर जाणवते.

इथवर माझं मत वाईट झालं नव्हतं. हास्यास्पद असणं हा दोष फारसा गंभीर नाही. मी हास्यास्पद माणसांबरोबर अनेक वर्षं काम केलं आहे.

तिसरं ठिकाण स्मशान. शहरातल्या स्मशानांचं आता सुशोभीकरण झालं आहे. रंगीत भिंती, बसायला बाकं, शंकराची उंच मूर्ती, तिच्यासमोर फोटो काढणारी कुटुंबं. मरण इतकं नीटनेटकं करून ठेवलं की त्याच्याकडे पाहायला माणसं येणारच. आम्ही पोचलो तेव्हा एक चिता नुकतीच पेटली होती. मी बाकावर बसले. मुलगा चितेच्या अगदी जवळ गेला आणि त्यानं फोन वर धरला.

डोकं नुकतंच भादरलेला, ओल्या धोतरातला एक माणूस त्याच्याजवळ आला. हळूच, जणू तोच चुकत असल्यासारखा, म्हणाला, "भैया, वीडियो झन बनाव. हमर दाई ए."

त्याची आई होती. झन म्हणजे नको, हे कळायला छत्तीसगढी यावी लागत नाही. त्याचा चेहरा पुरे होता.

"सॉरी भैया," मुलगा म्हणाला. "चेहरा ब्लर कर दूँगा."

तो माणूस काही क्षण त्याच्याकडे पाहत उभा राहिला. बहुधा जळत्या चितेतला कोणता चेहरा पुसायचा, हे त्याला उमगत नव्हतं. मी उठले, मुलाचा दंड धरला आणि त्याला गाडीपर्यंत आणलं. गाडीत त्यानं फोन मांडीवर उलटा ठेवला. मला वाटलं, तो ओशाळला आहे.

"एकदम रॉ होतं ना?" शेवटी तो म्हणाला. "पण थोडं अजून मिळायला हवं होतं. यापेक्षा भारी काही आहे का? जे कुणीच दाखवत नाही असं?"

"आहे," मी म्हटलं.

खरं तर चाचणीचा निकाल तिथेच लागला होता. पण अर्धवट सोडलेल्या चाचणीवर मी आजवर कधी सही केलेली नाही. मी त्याला आमच्या प्रयोगशाळेसमोरच्या चहाच्या टपरीवर नेलं. तिथे एक हवालदार बाकावर बसून पोळी-भाजी खात होता आणि त्याच्या मांडीला टेकून एक नायलॉनची पिशवी उभी होती. मुलानं चहा मागवला, डबा उघडला आणि एक वडी हातात घेतली.

"इथे काय आहे?"

"मी इथे काम करते."

"ही? ही कसली लॅब?"

मी सांगितलं. जसं विभागात नव्यानं आलेल्यांना सांगते तसंच, क्रमानं, एकही पायरी न गाळता. त्याची नजर हळूहळू हवालदाराच्या पिशवीकडे वळली.

"म्हणजे, त्या पिशवीत..."

"कुणाचं तरी जठर असेल. आज जमा होईल."

"आणि ते तुम्ही..."

"उघडते."

"हातानं?"

"हातमोजे घालून."

त्यानं हातातली वडी डब्यात परत ठेवली. झाकण लावलं. मग एका बोटानं डबा माझ्या बाजूला सरकवला आणि खिशातून जंतुनाशकाची छोटी बाटली काढून हात चोळले. वासावरून त्यात अल्कोहोल पुरेसं नव्हतं. ती वडी माझ्या आईनं केली होती, हे मी त्याला सांगू शकले असते. सांगितलं नाही. एखाद्याला किळस कशाची यावी, यात दुरुस्त्या करत बसायला मी तिथे आले नव्हते.

"पण तुम्ही तर लॅब म्हणाला होता. मला वाटलं, डायबेटिस वगैरे."

"लॅबच आहे."

त्यानं बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग आवाज खाली आणून, अगदी काळजीनं म्हणावं तसं त्यानं विचारलं, "घरी गेल्यावर आंघोळ करता ना?"

"करते. तुम्ही स्मशानातून आल्यावर केलीत?"

त्यानं आंघोळ तर सोडाच, हातही धुतले नव्हते. आमच्या घरांत स्मशानातून आलेला माणूस अंगावर पाणी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. त्यानं तिथून निघून थेट वडी उचलली होती. त्याच्या हिशेबी ते स्मशान म्हणजे एक प्रेक्षणीय स्थळ होतं. तिथलं मरण दुसऱ्याचं होतं, दार उघडं होतं, फोन चालू होता. माझं मरणाशी असलेलं नातं मात्र पगारी, रोजचं आणि त्याच्या स्वयंपाकघरापर्यंत येणारं होतं. परतीच्या वाटेवर तो मागच्या सीटवर बसला. पाय लांब करायचेत, म्हणाला.

संध्याकाळी त्याच्या वडिलांचा फोन आला. बाबांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. मुलगी गुणी आहे, शिकलेली आहे; तेवढी नोकरी बदलली, बँकेत वगैरे पाहिलं, तर पुढे जायला हरकत नाही.

"साहेब," बाबा शांतपणे म्हणाले, "पोट्टीचं काम चांगलं आहे. सरकारी आहे. तुमचा पोट्टाच बिनपगारी स्मशानात फिरते, त्याचं काही करता आलं तं पाहा."

फोन ठेवल्यावर आई माझ्यावर बरसली. "काहून सांगितलं तू? लग्नानंतर सांगती तं काय बिघडलं असतं?"

"लग्नानंतर त्याला माझे हात चालले असते का?"

"सवय होते मानसाले."

मला अशी सवय करून घ्यायची नव्हती, दुसऱ्यालाही लावायची नव्हती. पण हे तिला पटवण्याइतकं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. त्या दिवशी मला वाईट वाटलं. त्याच्यासाठी नव्हे. तीन स्थळं म्हणजे निष्कर्ष काढण्यास नमुना अपुरा आहे, हे मला पक्कं माहीत होतं आणि तरी मी निष्कर्ष काढून बसले होते.

तेवढ्यात आईनं डबा उघडला. "इतक्या वड्या काहून उरल्या?"

मी घडलेलं सांगितलं. झाकण, एक बोट, बाटली. ती ऐकत राहिली आणि तिचा चेहरा बदलत गेला.

"माया वड्या?" ती म्हणाली. "मायाच हातच्या वड्या त्यानं बोटानं ढकलल्या?"

"त्याला वाटलं, माझ्या हातच्या."

"मंग? तुया हाताले काय झालं?"

हा प्रश्न तिनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारला होता, तोही रागात, आणि विचारून झाल्यावर ती स्वतःच जरा थबकली. बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. उरलेल्या वड्या तिनं आम्हा दोघांना वाढल्या आणि स्वतःही उभ्यानंच खाल्ल्या.

काही दिवसांनी त्या मुलाची रायपूरवरची चित्रफीत आली. त्यात प्लॅस्टिकचा सांगाडा होता, थंड लहर होती आणि धूसर केलेल्या माणसांमधली ती चिताही होती. प्रयोगशाळा नव्हती.

त्याच आठवड्यात भिलाईच्या एका स्थळाचा फोन आला. मी शेजारच्या खोलीत होते. आईनं माझं शिक्षण सांगितलं, उंची सांगितली आणि पलीकडून नोकरीबद्दल विचारणा झाली असावी, कारण ती खुर्ची ओढून बसली.

"लॅबमंदी आहे. नाही, रक्ताची नाही. आधी पुरं ऐकून घ्या. मेलेल्या मानसाच्या पोटातलं विष शोधते आमची पोट्टी. ते काम ती सोडनार नाही. बोलाचं असन तं बोला, नाही तं आत्ताच ठेवा."

पलीकडे काय चाललं होतं ते मला ऐकू येत नव्हतं. आईनं फोन कानाला तसाच धरून ठेवला होता.