दुसऱ्या दाबाचा ब्रेक

बाबांच्या जुन्या ॲम्बॅसेडरचा ब्रेक पहिल्या दाबाला लागत नसे. पहिल्या दाबाला पेडल नुसतंच खाली जाई, दुसऱ्याला गाडी ऐके. स्टिअरिंगचंही तेच. चार बोटं फिरवावं तेव्हा कुठे चाकांना खबर लागे. बाबांना हे दोष वाटतच नसत. घोलवडच्या आमच्या वाडीतून चिकूचे खोके स्टेशनावर न्यायचे, तर वाटेत रेल्वे फाटकाच्या अलीकडे पिठाची गिरणी लागे. तिथे पोचलं की त्यांचा पाय आपोआप दोनदा दाबून मोकळा होई आणि गाडी फाटकाशी अलगद उभी राही. चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि गाडीला साधा ओरखडाही नव्हता.

मी मात्र त्यांच्या शेजारी बसले की दाराची मूठ घट्ट धरून बसे. तलासरीच्या शाळेत मी गणित शिकवायचे. चूक दिसली की लाल पेनाने तिथल्या तिथे खोडायची, हा माझा धर्म. वर्गात तो खपून जातो, घरात अंगाशी येतो, हे मला पन्नाशी जवळ आल्यावर कळलं.

२०१५च्या हिवाळ्यात बाबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन वलसाडला झालं. नंतर महिनाभर गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, आणि ते तिथेच आत्याकडे राहिले. मला वाटलं, हीच संधी. नव्या नजरेसोबत नवे ब्रेकही देऊन टाकू.

गाडीचं सगळं काम मसोलीचे एक म्हातारे मिस्त्री बघायचे. बाबांपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, मूळचे गुजराती, मला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखणारे. मी त्यांना म्हटलं, पुढे डिस्क ब्रेक बसवा, बूस्टर बसवा, पॉवर स्टिअरिंग करा. पाय नुसता टेकला की गाडी थांबली पाहिजे.

ते जॅकवर चढवलेल्या गाडीखालून बाहेर आले, हात पुसत राहिले आणि म्हणाले, "रेवा दे, बेन. अत्ता नको करू."

"का?"

"अत्ता नको. एवढंच सांगतो."

एवढ्यावर मी ऐकणार होते थोडीच. "तुम्हाला नवीन काम येत नाही, म्हणून नको म्हणताय," असं मी त्यांच्या तोंडावर बोलले. ते परत गाडीखाली गेले.

मग मी चारोटीला हायवेवरचं एक गॅरेज गाठलं. त्या लोकांनी कुठल्याशा अपघातातल्या नव्या गाडीचे भाग आणले, चार दिवस ठोकाठोक केली आणि गाडी माझ्या ताब्यात दिली. काढलेले जुने भाग एका गोणीत भरून डिकीत टाकले होते. ती गोणी मी वाडीतल्या पॅकिंगच्या शेडमध्ये ढकलली. काम त्यांनी चोख केलं होतं. त्यांना मी आजही नावं ठेवणार नाही.

बाबा परत आले तेव्हा मी त्यांना बॉनेट उघडून सगळं दाखवलं. ब्रेक आता पहिल्याच दाबात लागतो, स्टिअरिंग एका बोटाने फिरतं, असं दोनदा सांगितलं. त्यांनी वाकून पाहिलं. "मिस्त्रीने केलं?" एवढंच विचारलं. मी चारोटीचं नाव घेतलं. "बरं झालं," म्हणाले.

पहिल्या दिवशी आई पुढे बसली होती, मांडीवर देवीच्या प्रसादाची टोपली घेऊन. मी मागे खोक्यांशेजारी. गिरणी आली. बाबांना मी सांगितलेलं सगळं पाठ होतं, पण त्यांच्या पायाला कोणी सांगितलं नव्हतं. पायाने नेहमीच्या जोराने दाबलं आणि गाडी रस्त्यात खिळल्यासारखी थांबली. आई पुढे फेकली गेली, कपाळ डॅशबोर्डवर आपटलं. मागून हॉर्न वाजला. बाबा बावरले, बाजूला घ्यायला म्हणून पाय सोडला आणि नेहमीसारखं चार बोटं स्टिअरिंग फिरवलं. गाडी सरळ कडेच्या नर्सरीत घुसली आणि चिकूच्या कलमांच्या दोन रांगा आडव्या झाल्या.

आईला तीन टाके पडले. ती हसत होती, काही नाही झालं म्हणत होती. बाबांनी आपल्या धोतराच्या टोकाने तिचं कपाळ पुसलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"बाय, तू चालव."

रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर त्यांनी गाडी कधीच चालवली नाही. मी कितीदा म्हटलं, वाडीच्या रस्त्यावर सवय करून घ्या, मी शेजारी बसते. ते नको म्हणायचे आणि आईच्या कपाळाकडे बघायचे. खोके शेजाऱ्यांच्या टेम्पोतून जायला लागले. स्टेशनावर हमालांसोबत बाकावर बसून चहा प्यायचा, रेल्वेत माल चढेपर्यंत गप्पा मारायच्या, हा त्यांचा दिवसाचा खरा भाग होता, तो संपला. कुठे जायचं असलं तर बाबा माझी शाळेतून परत यायची वाट बघत ओट्यावर बसायचे. चपला घालून. मी एसटीला उशीर झाला म्हणून चिडत घरात शिरायचे आणि त्या चपला बघितल्या की आणखी चिडायचे, स्वतःवरच, पण ते त्यांना कसं कळणार?

मागच्या सीटवर बसून ते गिरणी आली की पाय दोनदा दाबायचे. त्यांचा खांदा दोनदा खाली गेलेला मला आरशात दिसायचा. २०१७ मध्ये ते गेले.

पुढच्या वर्षी स्टिअरिंगमधून तेल गळायला लागलं. चारोटीचं गॅरेज तोवर उठलं होतं, म्हणून मान खाली घालून मसोलीला गेले. मिस्त्रींनी माझ्या जुन्या बोलण्याचा विषय काढला नाही. गळती बंद केली, हात धुतले, मला स्टूल दिलं. माझ्याच्याने राहवलं नाही. तेव्हा तुम्ही नको का म्हणाला होता, ते विचारलं.

"शेठ येत होते ना माझ्याकडे," ते म्हणाले. "दर महिन्याला. म्हणायचे, मुलगी गाडीत जीव मुठीत धरून बसते, तिच्यासाठी ब्रेक ठीक कर, स्टिअरिंग ठीक कर. पण हळू कर, माझे हातपाय जुने आहेत, त्यांना शिकायला टाइम दे. मी दर महिन्याला ब्रेकच्या आतल्या चक्रीचा एक दात कसायचो आणि स्टिअरिंगच्या पेटीचा स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा फिरवायचो. बारा वेळा केलं की पहिल्या दाबाला ब्रेक, सगळं टाइट. शेठना कळलं पण नसतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"शेठनी शपथ घातलेली. म्हणाले, तिला बोललास तर ती एका दिवसात सगळं करायला लावेल."

नंतर तरी सांगायचं, असं मी कसंबसं म्हणाले. मिस्त्री म्हणाले, "नंतर तर जास्तच शपथ घातली. तिला वाईट वाटेल, म्हणाले."

घरी येऊन मी पॅकिंगच्या शेडमध्ये गेले. गोणी होती तिथेच होती, वर रिकाम्या खोक्यांची थप्पी. स्टिअरिंगची जुनी पेटी जड निघाली. पदराने तिच्यावरचं काळं ग्रीस पुसलं. स्क्रूभोवती लोखंडावर छिन्नीने ठोकलेल्या बारीक खुणा होत्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर एकेक. मी त्या बोटाने मोजल्या. घाईत चुकले असेन म्हणून पुन्हा मोजल्या.

नऊ होत्या. मी तीन महिने थांबायला हवं होतं.